टायटॅनियमवरचं काचेचं कोटिंग तडकतंय, पोपडे निघतायत? भट्टी वाढवायच्या आधी हे बघून घ्या

टायटॅनियमच्या पट्टीवर नाहीतर स्क्रूवर सोल-जेलने बायोअॅक्टिव्ह, म्हणजे हाडाशी जोडल्या जाणाऱ्या काचेचं कोटिंग करायचं, म्हणजे टीईओएस (सिलिका देणारं द्रव रसायन) आणि कॅल्शियम नायट्रेटचं द्रावण, म्हणजे सोल, बनवायचं, त्यात सॅम्पल बुडवून हळू वर ओढायचं, वाळवायचं आणि भट्टीत भाजायचं, हे पेपरमध्ये चार ओळींत संपतं. प्रत्यक्षात भट्टीचं दार उघडलं की तडे दिसतात. माझ्याकडे डिप कोटर आणि छोटी मफल भट्टी आहे, त्यामुळे आजूबाजूच्या कॉलेजांतली एमटेक-पीएचडीची पोरं सॅम्पलची डबी घेऊन येत असतात आणि तक्रार वर्षानुवर्षं तीच. येण्याआधी बहुतेकांनी एक उपाय करून बघितलेला असतो, तो म्हणजे तापमान वाढवणं. अजून तापवलं की घट्ट बसेल असं वाटतं. नाही बसत, उलट बऱ्याचदा जे काय चिकटलेलं असतं तेही सुटतं.

हा कमी तापमानाचा रस्ता आपण धरलाच का ते आधी थोडक्यात, नाहीतर पुढचं अर्धं कळणार नाही. संशोधक लॅरी हेंच यांची १९६९ ची मूळ बायोअॅक्टिव्ह काच, ४५एस५, वितळवून टायटॅनियमवर एनॅमलसारखी बसवायला गेलं की दोन भानगडी होतात. एक, ती काच एका डिग्रीला मीटरमागे साधारण १५ मायक्रॉन प्रसरण पावते आणि टायटॅनियम ९ च्या आसपास, त्यामुळे थंड होताना काच जास्त आकसते, ताणली जाते आणि फुटते. दोन, एवढ्या तापमानाला काच आणि टायटॅनियमची आपसात रिअॅक्शन होऊन सांध्यात बुडबुडे येतात, आणि शुद्ध टायटॅनियम ८८२ डिग्रीला आपली स्फटिकरचनाच बदलतं. १९९१ मध्ये सोल-जेलने बायोअॅक्टिव्ह काच करता येते हे दाखवलं गेलं आणि न वितळवता काच मिळायला लागली. म्हणजे तापमान कमी ठेवणं हाच या पद्धतीचा फायदा आहे, तो सोडून द्यायचा असेल तर एवढा खटाटोप कशाला.

लक्षणं

आधी नक्की काय बिघडलंय ते ठरवा. "कोटिंग खराब आलं" एवढ्यावर कोणी काही सांगू शकत नाही.

- कोटिंग जागेवर आहे पण त्यात जाळीसारखे तडे आहेत, सुकलेल्या तळ्याच्या मातीसारखे. खालच्या कडेला जिथे थेंब साठतो तिथे आणि स्क्रूच्या आट्यांच्या तळाशी जास्त.
- पोपडे निघतायत, कडा वर वळल्यात, ग्लोव्हला पांढरी पूड लागते.
- दुधाळ पांढरे डाग, कधी कधी भिंगातून चक्क खडे दिसतात.
- गोल गोल टाचणीएवढी छिद्रं, किंवा धूमकेतूसारखी शेपटी असलेले डाग.
- तपकिरी, काळपट छटा.
- भट्टीतून छान आलं, टेप चिकटवून ओढल्यावरही टिकलं, पण एसबीएफमध्ये (शरीरातल्या द्रवासारख्या कृत्रिम द्रावणात) ठेवल्यावर काही दिवसांत गायब.
- काल याच बाटलीतून मस्त आलं, आज तडे.

निळा-सोनेरी रंग आला म्हणून घाबरून येणारेही असतात. तो बिघाड नाही. उघडं टायटॅनियम हवेत तापवलं की ऑक्साइडच्या पातळ थरामुळे सोनेरी, जांभळं, निळं दिसतंच. म्हणून दर वेळी भट्टीत एक कोरी, कोटिंग नसलेली पट्टी शेजारी ठेवत जा. तिच्यावर तोच रंग आला तर तो रंग कोटिंगचा नाही, विषय संपला.

फुकटातल्या तपासण्या

मोबाइलचा टॉर्च आडवा धरून बघा, सरळ वरून नको. जमलं तर मायक्रोस्कोपखाली शंभरपट. आता जिथे पोपडा निघालाय तिथे खाली काय दिसतं? खाली लखलखीत धातू असेल तर कोटिंग धातूला चिकटलंच नव्हतं, म्हणजे दोष पृष्ठभागात. खाली काच शिल्लक असेल आणि वरचाच थर निघाला असेल तर दोन थरांच्या मध्ये गडबड आहे. आणि तडे आहेत पण काहीच सुटत नाहीये, तर चिकटण्याचा प्रश्न नाही, थर जाड झालाय. तडा आणि पोपडा हे दोन वेगळे आजार आहेत, यांची औषधंही वेगळी, आणि लोक नेमकं हेच एकत्र करतात.

दुसरी फुकटची गोष्ट म्हणजे तडा नक्की कधी पडतो ते पकडा. सॅम्पल बुडवून काढल्यावर बघा, ६० डिग्रीत वाळल्यावर बघा, १२० नंतर बघा, भट्टीनंतर बघा. बहुतेक जण एकदम शेवटीच बघतात आणि बिचाऱ्या भट्टीला शिव्या घालतात. वाळतानाच तडा गेला असेल तर भट्टीचा प्रोग्रॅम कितीही बदला, काही होणार नाही. जेलमधलं अल्कोहोल आणि पाणी उडून जातं, बारीक छिद्रांत राहिलेलं द्रव भिंती आत खेचतं, थर आकसायला बघतो आणि खालचा धातू त्याला आडवा आकसू देत नाही. सगळा ताण थरात साठतो, आणि थर जितका जाड तितकी तडा पुढे ढकलायला जास्त ऊर्जा उपलब्ध.

तिसरी, आणि माझी सगळ्यात आवडती: साध्या काचेच्या मायक्रोस्कोप स्लाइडवर त्याच सोलचं, त्याच स्पीडने, त्याच दिवशी कोटिंग करा. साध्या स्लाइडच्या काचेचं प्रसरण टायटॅनियमच्या जवळपास सारखंच आहे, तेही ९ च्या आसपास, आणि काचेच्या पृष्ठभागावर सोलला धरायला सिलिकाच असते. त्यामुळे स्लाइडवरही तडे आले तर दोष सोलमध्ये, जाडीत किंवा वाळवण्यात. स्लाइडवर छान आणि टायटॅनियमवर पोपडे, तर टायटॅनियम नीट धुतलेलं नाही. दहा रुपयांच्या आतली स्लाइड आणि अर्धा प्रश्न सुटतो. फक्त ही चाचणी ४५० पर्यंतच ठेवा, ५०० च्या वर साधी स्लाइड वाकायला लागते आणि मग ती जाळीवरून खरवडत बसा.

धुणं

पोपड्यांच्या केसमध्ये सगळ्यात आधी इथे बघायचं. टायटॅनियम पट्ट्या वर्कशॉपमधून येतात तेव्हा कटिंग ऑइल असतं, पॉलिशची पेस्ट असते, आणि ते नुसत्या अॅसिटोनच्या बोळ्याने जात नाही. आधी लिक्विड सोपने घासून, मग सोनिकेटरमध्ये अॅसिटोन, मग इथेनॉल, मग डीआय वॉटर (क्षार काढलेलं पाणी), प्रत्येकी दहा-पंधरा मिनिटं. अॅसिटोन अंगावर वाळू देऊ नका, त्यात विरघळलेलं तेल तिथेच बसतं. आणि अॅसिटोन थेट सोनिकेटरच्या टाकीत ओतू नका, बीकरमध्ये घ्या, झाका, टाकीत पाणीच ठेवा.

झालं की वॉटर ब्रेक टेस्ट करा. पट्टी डीआय वॉटरमधून काढून तिरकी धरा, पाण्याचा पापुद्रा अखंड राहिला पाहिजे, अर्धा मिनिट तरी. कुठे पाणी फाटून थेंब झाले तर तिथे तेल आहे आणि उद्या पोपडा तिथूनच निघणार. हे का एवढं महत्त्वाचं, तर टायटॅनियमच्या ऑक्साइडवरचे हायड्रॉक्सिल गट आणि सोलमधले सिलॅनॉल गट यांच्यातून पाणी निघून जाऊन सिलिकॉन-ऑक्सिजन-टायटॅनियम असा बंध होतो, कोटिंग धरून ठेवतो तो हाच. मध्ये तेलाचा थर आला की बंध नाही, काच नुसती वर पडलेली.

दोन जागा कोणाच्या लक्षात येत नाहीत. पट्टी वाळवायला कॉम्प्रेसरची हवा मारतात आणि कॉम्प्रेसरचं तेल त्या हवेतूनच येतं, म्हणजे धुतलेलं सगळं मातीत. नायट्रोजन वापरा, नसेल तर ओव्हनमध्ये वाळवा. आणि "डीआय" म्हणून जे वापरताय ते खरंच डीआय आहे का? पिण्याच्या आरओ मशीनचं पाणी म्हणजे डीआय नव्हे, त्यात क्षार राहतात आणि वाळल्यावर डाग सोडतात. धुतलेली पट्टी लगेच वापरा, रात्रभर पेट्री डिशमध्ये ठेवून सकाळी कोटिंग करायचं असेल तर परत धुवा, टायटॅनियमचा ताजा पृष्ठभाग हवेतली सेंद्रिय घाण पटकन ओढून घेतो.

खडबडीतपणाबद्दल एक. आरशासारखं पॉलिश केलेलं असेल तर धरायला काही नसतं, पण म्हणून जोरात सँडब्लास्ट करून आणलेल्या सॅम्पलवर सोल-जेल चांगलं येईल असंही नाही. खड्ड्यांत सोल साठतो, तिथे थर काही मायक्रॉन जाड होतो आणि नेमका तिथेच तडकतो. वर टेकड्यांवर कोटिंग नावापुरतं. बारीक एमरी पेपरने एकसारखं घासलेलं बरं.

जाडी

जाळीदार तडे असतील तर नव्वद टक्के उत्तर या भागात आहे, आणि इथे जरा वेळ घालवा. निव्वळ अजैविक सिलिकेट सोल-जेलचा एक थर साधारण अर्ध्या मायक्रॉनच्या पुढे गेला की तडा जायला लागतो, एक मायक्रॉन म्हणजे फारच झालं. आणि येणारे बहुतेक जण एका बुडवणीत जाड थर काढायला बघत असतात, कारण गाईडने "दहा मायक्रॉन हवं" असं सांगितलेलं असतं.

सगळ्यात कॉमन कारण रेसिपीचं आहे. ५८एस या बायोअॅक्टिव्ह काचेची जी नेहमीची रेसिपी सापडते, ६० मोल टक्के सिलिका, ३६ कॅल्शियम ऑक्साइड, ४ फॉस्फरस पेंटॉक्साइड, ती पावडर किंवा ठोकळे बनवायची आहे. त्यात टीईओएस आणि पाणी असतं पण वेगळं इथेनॉल घातलेलंच नसतं, त्यामुळे सोल घट्ट असतो. तोच सोल कोटिंगला वापरला की थर जाड येणारच. कोटिंगसाठी इथेनॉलने पातळ करा, समप्रमाणात घालून सुरुवात करा आणि स्लाइडवर बघा.

मग स्पीड. डिप कोटिंगमध्ये जाडी साधारण चिकटपणा गुणिले स्पीड याच्या दोन तृतीयांश घाताने बदलते. म्हणजे स्पीड अर्धा केला तर जाडी अर्धी नाही होत, ६३ टक्के होते. मिनिटाला ५ ते १० सेंटीमीटर ही रेंज ठीक आहे, पण फार हळू नेलं, मिनिटाला काही मिलिमीटर, तर उलटं होतं, बाष्पीभवन वरचढ होऊन थर परत जाड व्हायला लागतो. त्यामुळे "अजून हळू, अजून हळू" करत बसू नका, सोल पातळ करा.

जाडी मोजायला प्रोफिलोमीटर नसला तरी वजनावरून अंदाज येतो. २ बाय ५ सेंटीमीटरची पट्टी, दोन्ही बाजू धरून २० चौरस सेंटीमीटर, थर ०.३ मायक्रॉन, घनता २ च्या आसपास धरली तर सव्वा मिलिग्रॅमच्या जवळपास भरतं, चार दशांशांच्या बॅलन्सवर दिसतं. मात्र एक चौरस सेंटीमीटरच्या तुकड्यावर हे करायला जाऊ नका, बॅलन्सच्या आकड्यांच्या थरथरीतच तुमचं कोटिंग हरवून जाईल.

जाड कोटिंग हवंच असेल तर पातळ थर एकावर एक, आणि प्रत्येक थर पुढच्या आधी वाळवून भाजलेला. ओल्यावर ओलं दिलं की दोन्ही मिळून एकच जाड थर झाला. वरचाच थर सुटून खाली काच राहते त्यांच्यासाठी: मधल्या भाजणीनंतर पट्टी उघडी ठेवलेली असते, धूळ-तेल बसतं, किंवा हाताने उचललेली असते. दोन थरांमध्ये वेळ कमी ठेवा, चिमटा वापरा.

खालच्या कडेचा थेंब फिल्टर पेपरच्या कडेला टेकवून काढून टाका. स्क्रू असेल तर तो आट्यांमध्ये धरून ठेवतो, तिथे बुडवल्यावर लगेच हळू फिरवून जास्तीचा सोल उडवावा लागतो. सपाट पट्टीवर जमलं म्हणून स्क्रूवर जमेल असं धरून चालू नका.

दहा मायक्रॉन वगैरे खरंच पाहिजे असेल तर शुद्ध अजैविक सोल-जेलचा हट्ट सोडा. एमटीईएससारखा सिलेन (सेंद्रिय गट जोडलेलं सिलिकॉनचं संयुग) मिसळून थोडं सेंद्रिय ठेवलं तर जाळं लवचिक होतं आणि जाडी सहन करतं, पण मग तापमानाला मर्यादा येते आणि हाडाशी जोडण्याचा गुण कमी होऊ शकतो. नाहीतर खाली इलेक्ट्रोफोरेटिक पद्धतीचं (द्रवातले कण विजेच्या दाबाने धातूवर बसवायचे) लिहिलंय ते बघा.

सोलची तब्येत

"काल चांगलं, आज तडे" म्हणणाऱ्यांचा सोल म्हातारा झालेला असतो. सोल बाटलीतसुद्धा वाढतच असतो, साखळ्या लांब होतात, चिकटपणा वाढतो, आणि त्याच स्पीडला जाड थर येतो. बाटलीवर तारीख आणि वेळ लिहा. फ्रीजमध्ये चार डिग्रीला ठेवला तर हळू म्हातारा होतो, पण वापरायच्या आधी झाकण न काढता खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर बाटलीत पाणी धरतं. चिकटपणा मोजायला महागडं काही नको: पिपेट भरून रिकामी व्हायला किती सेकंद लागतात ते रोज एकाच तापमानाला मोजा. आकडा चढला की पातळ करा नाहीतर टाका. वापरायच्या आधी ०.४५ मायक्रॉनच्या सिरिंज फिल्टरमधून गाळा, धूमकेतूसारखे डाग निम्मे तिथेच जातात.

बनवताना क्रम पाळा. पाणी आणि पातळ नायट्रिक अॅसिड, त्यात टीईओएस, एकजीव होऊन पारदर्शक होईपर्यंत ढवळायचं, तासभर तरी, मग ट्रायइथाइल फॉस्फेट, ते मुरलं की शेवटी कॅल्शियम नायट्रेट. टीईओएस पाण्यात मिसळत नाही, सुरुवातीला तेलासारखा तरंगतो, आणि त्याचं हायड्रोलिसिस (पाण्याशी रिअॅक्शन) होईपर्यंत धीर धरावा लागतो. घाई केली तर सोल असमान. अॅसिडमध्ये लांब साखळ्या होतात आणि त्यांची फिल्म चांगली बसते, अमोनिया वगैरेने केलं तर गोळे होतात आणि कोटिंगऐवजी भुकटी मिळते, म्हणून पीएच बघा. आणि तीव्र नायट्रिक अॅसिड कधीही इथेनॉलमध्ये ओतू नका, दोन्हीचा कचरा एका बंद बाटलीत ठेवू नका, बाटली फुटते. ही धमकी नाही, रसायनशास्त्र आहे.

इथेनॉलचंही बघा. अॅब्सोल्यूट इथेनॉल एक्साइजच्या परवान्याशिवाय मिळत नाही म्हणून लोक आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) घालतात. चालतं, पण त्याने हायड्रोलिसिसचा वेग आणि सुकण्याचा वेग दोन्ही बदलतात, तेव्हा इथेनॉलच्या रेसिपीचे आकडे आयपीएला लावून "पेपर खोटा आहे" म्हणू नका.

हवा

पुण्यात जून ते सप्टेंबर माझ्याकडे दुधाळ डागांची रांग लागते, मुंबई-कोकणातल्या मंडळींना तर वर्षभर. इथेनॉल भराभर उडताना थर थंड होतो, हवेतलं पाणी त्याच्यावर धरतं आणि सोल तिथल्या तिथे फाटतो, दुधाळ दिसतो. शिवाय सोलमध्ये कॅल्शियम नायट्रेट आहे, ते पाणी ओढणारं मीठ, वाळताना द्रवाबरोबर पृष्ठभागावर येतं आणि खडे धरतं. चारेकशे रुपयांचा हायग्रोमीटर कोटरशेजारी ठेवा. आर्द्रता ३० ते ५० टक्के असेल तर काम करा, ६० च्या वर गेली की थांबा किंवा कोटरभोवती अॅक्रिलिकचा डबा करून आत सिलिका जेल ठेवा. एसीचा झोत थेट सॅम्पलवर नको, पट्टे उमटतात. आणि एप्रिल-मेमध्ये उलटं, हवा इतकी कोरडी की थर झटकन सुकून तडकतो, तेव्हा सॅम्पल झाकून हळू वाळवा.

त्याच कॅल्शियम नायट्रेटच्या बाटलीत पावसाळ्यात लगदा होतो. मग तुम्ही मोजताय ते मीठ कमी आणि पाणी जास्त, सगळं प्रमाण चुकलं. टेट्राहायड्रेट तसंही ४०-४५ डिग्रीला वितळतं, ओव्हनमध्ये "वाळवायला" ठेवू नका, पाणीच होईल. नवी बाटली, डेसिकेटर.

आता भट्टी

इथपर्यंत सगळं तपासून झालं असेल तरच.

पहिलं, डिस्प्लेवर विश्वास ठेवू नका. दुसरा के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजायची तार) सॅम्पलच्या शेजारी ठेवून बघा, छोट्या मफलमध्ये दार आणि मागची भिंत यांत चांगलाच फरक असतो. दुसरं, चढण हळू, मिनिटाला एक-दोन डिग्री, १२० च्या आसपास थांबा, परत ३०० च्या आसपास थांबा म्हणजे सेंद्रिय भाग जळून जाईल. तपकिरी-काळपट छटा म्हणजे तो जळला नाही, कोळसा होऊन आत अडकला, हवा कमी पडली किंवा घाई झाली. इथेनॉलने ओलं सॅम्पल गरम भट्टीत कधीच टाकू नका, भडका उडतो.

तिसरं म्हणजे नायट्रेट, आणि एसबीएफमध्ये गायब होणाऱ्या कोटिंगचं कारण बहुतेक वेळा हेच. लोक "लो टेम्परेचर" म्हणून ३५० वर थांबतात, कोटिंग चकचकीत दिसतं, टेप टेस्ट पास. पण कॅल्शियम नायट्रेटमधलं कॅल्शियम ४०० च्या वर गेल्याशिवाय काचेच्या जाळ्यात शिरतच नाही, आणि नायट्रेट पूर्ण जायला ५०० ते ६०० लागतात. त्याखाली तुमच्याकडे काच नाहीये, सिलिकाच्या छिद्रांत भरलेलं मीठ आहे. एसबीएफमध्ये मीठ एका झटक्यात विरघळतं, पोकळ झालेली सिलिका उरते आणि ढासळते. वर सुटलेलं नायट्रेट पेशींना अपायकारक, म्हणजे सेल कल्चर करणारी मैत्रीण तुमच्यावर चिडणार ते वेगळंच. तपासायला सोपं: कोटिंग केलेली पट्टी थोड्या डीआय वॉटरमध्ये तासभर ठेवा आणि माशांच्या टाकीसाठी मिळणारी नायट्रेटची पट्टी त्यात बुडवा. रंग आला तर भाजणी अपुरी.

म्हणून नायट्रेटची रेसिपी असेल तर साध्या टायटॅनियमवर ५५०-६०० च्या आसपास तास-दोन तास, आणि त्यावर नाही. नायट्रेट जाताना तपकिरी धूर निघतो, तो विषारी आहे, भट्टी फ्यूम हूडखाली पाहिजे. ६०० च्या पुढे नेलं की टायटॅनियमवरचा ऑक्साइड जाड आणि ठिसूळ व्हायला लागतो आणि पोपडा निघतो तो ऑक्साइडसकट. "तापवल्यावर अजून सुटलं" त्याचं कारण हे.

निटिनॉल (आकार लक्षात ठेवणारा निकेल-टायटॅनियमचा मिश्रधातू) असेल तर ४००-५०० लाच त्याचं रूपांतराचं तापमान सरकतं, पीक प्लास्टिक ३४३ ला वितळतं, तिथे नायट्रेटची रेसिपी विसरा. पर्याय दोन. कॅल्शियम मेथॉक्सीइथॉक्साइड वापरा, ते कमी तापमानाला जाळ्यात जातं, पण दमट हवा त्याला अजिबात चालत नाही, नायट्रोजनखाली काम करावं लागतं आणि महाग आहे. किंवा धातूवरच करायचं असेल तर आधीच वितळवून दळलेली काच घ्या आणि कायटोसानबरोबर (कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून मिळणारं पॉलिमर) इलेक्ट्रोफोरेटिक पद्धतीने खोलीच्या तापमानाला बसवा, भट्टीच नको.

त्या पद्धतीत छिद्रं पडत असतील तर ते हायड्रोजनचे बुडबुडे, सॅम्पल कॅथोड असतं आणि पाणी तिथे फुटतं. व्होल्टेज कमी करा, पाण्यातलं इथेनॉल वाढवा. आणि थर बसतच नसेल तर पीएच बघा: बायोअॅक्टिव्ह काच पाण्यात विरघळत पीएच वर नेते, साडेसहाच्या आसपास कायटोसानचा चार्ज जातो आणि तो बाटलीतच साखळतो. सस्पेन्शन ताजं वापरा.

खोटे तडे

एसबीएफमधून काढलेलं सॅम्पल वाळवलं, एसईएममध्ये (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये) टाकलं, जाळीदार तडे दिसले, रडारड. अहो, काचेवर तयार झालेला सिलिका जेलचा आणि अॅपेटाइटचा (हाडातल्यासारख्या खनिजाचा) थर पाण्याने भरलेला असतो, तो वाळला की तडकणारच, त्यात एसईएमचं व्हॅक्यूम. आधी ओलं असतानाच ऑप्टिकल मायक्रोस्कोपखाली बघा, वाळवायचं तर इथेनॉलचं प्रमाण वाढवत वाळवा. एसबीएफ कमी घेऊ नका, १०० चौरस मिलिमीटर पृष्ठभागाला १० मिलिलिटर हा हिशोब, पीएच ७.४०, तापमान ३६.५. कमी घेतलं तर पीएच चढतो आणि दिसतो तो निकाल कोटिंगचा नसतो.

कुठे थांबायचं

एचएफ, म्हणजे हायड्रोफ्लुओरिक अॅसिड. धुणं, घासणं करूनही टायटॅनियमवर धरत नाही म्हणून कोणी एचएफ-नायट्रिकचं एचिंग सुचवेल. ज्या लॅबमध्ये त्याचं ट्रेनिंग झालेला माणूस, योग्य हूड आणि कॅल्शियम ग्लुकोनेट जेल नाही तिथे बाटली उघडायचीच नाही. थोडंसं अंगावर पडलं तरी सुरुवातीला दुखतही नाही आणि आत कॅल्शियम ओढून घेतं. त्याआधी ५ मोलर कॉस्टिक सोड्यात ६० डिग्रीला २४ तास ठेवायचा पर्याय आहे, तोही गॉगल-ग्लोव्हशिवाय नाही. टीईओएसऐवजी टीएमओएस वापरायचा मोह झाला तर तोही सोडा, त्याच्या वाफेने डोळ्याच्या बुबुळाला कायमची इजा होते.

टेपने टिकलं म्हणजे इम्प्लांटला चाललं असं नाही. टेप टेस्ट तुमच्या मनाच्या समाधानासाठी. पुल-ऑफचा, म्हणजे कोटिंग ओढून काढायला किती ताकद लागते त्याचा, आकडा हवा असेल तर तो एनएबीएल मान्यताप्राप्त लॅबमधूनच. धातू-काचेच्या सांध्याचा क्रॉस सेक्शन, आत शिल्लक काय राहिलंय, हे बघायला आयआयटी मुंबईच्या सैफसारख्या उपकरण केंद्रात सॅम्पल द्या, कॉलेजच्या जुन्या एसईएमवर तासन्‌तास घालवू नका.

आणि शरीरात जाणारं काहीही आपल्या टेबलावर करायचं नाही. एखादे ओळखीचे डेंटिस्ट "दोन-चार स्क्रूंना कोटिंग करून द्या ना" म्हणाले तरी नाही. मेडिकल डिव्हाइसेस रूल्स २०१७ खाली लायसन्स, आयएसओ १०९९३ च्या जैविक चाचण्या, स्टरिलायझेशनची पडताळणी, हे सगळं त्यामागे आहे. नुसतं ऑटोक्लेव्ह घ्या, १२१ डिग्रीची वाफ, तीच पातळ बायोअॅक्टिव्ह काच खाऊ शकते. म्हणजे तुम्ही दिलेलं कोटिंग आणि पेशंटपर्यंत पोचलेलं कोटिंग एकच असेल याची खात्री नाही.

स्लाइड छान, वॉटर ब्रेक पास, जाडी कमी, हवा ठीक, भट्टी मोजलेली, आणि तरीही पोपडे निघत असतील तर मग तज्ज्ञाकडे जा. मिश्रधातूच वेगळा असू शकतो, सप्लायरने टायटॅनियम म्हणून दिलेली पट्टी कधी कधी स्टेनलेसची निघते, आणि ३१६एल चं प्रसरण १६ आहे, मग वरचं सगळं गणित बदललं. जाताना नुसतं तुटकं सॅम्पल नेऊ नका. त्याच बॅचची स्लाइड, कोरी भाजलेली पट्टी, सोल बनवल्याची तारीख-वेळ, त्या दिवशीची आर्द्रता आणि दुसऱ्या थर्मोकपलचे आकडे घेऊन जा, नाहीतर तोही तुम्हाला पहिल्यांदा हेच विचारणार.